उन्हाचं भाडं

पावगडला लोक जातात ते शनीसाठी. गुजरातेत चांपानेरशेजारी आहे तो पावागड निराळा. हा कर्नाटकातला, तुमकूर जिल्ह्यातला, पण जवळजवळ चहूबाजूंनी आंध्रानं वेढलेला. शनिवारी इथल्या शनिमहात्म्याच्या देवळात बंगळुरू, अनंतपूर, हिंदूपूरहून माणसं लोटतात. आमच्या बसमध्येही निम्मी मंडळी शनीचीच होती. कुणाची साडेसाती, कुणाची अडीचकी. मी आणि बेळगावची मैत्रीण मात्र शनीच्या वडिलांकडे निघालो होतो. तालुक्याच्या ईशान्येला, तिरुमणी गावाच्या आसपास तेरा हजार एकरांवर सूर्याचं दुकान मांडलेलं आहे. ते चालतं कसं आणि त्याचा गल्ला कुणाकडे जातो, हे मला पाहायचं होतं.

बंगळुरूहून पावगड दीडशे-एकशे साठ किलोमीटर. कोरटगेरे मागे पडेपर्यंत अधूनमधून नारळ-सुपारीच्या बागा दिसतात. मग मधुगिरीचा तो अजस्र कातळ येतो. एकच दगड, आणि त्यावर किल्ला. बिदनूरची राणी वीरम्माजी हैदरअलीच्या कैदेत होती ती इथंच. १७६७ साली माधवराव पेशव्यांच्या फौजेनं किल्ला घेतला तेव्हा ती सुटली. मराठी माणसानं खाली उतरून कातळाला एकदा हात लावावा अशी ही जागा, पण आमचा कंडक्टर चहालाही थांबायला तयार नव्हता. मधुगिरीनंतर हिरवं विरत जातं. तांबडी, खडे मिसळलेली माती, चिंचेची झाडं, मध्येच उठलेल्या ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि खूप मोठं आकाश. माणदेशात वाढलेल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही.

दुष्काळही माणदेशासारखाच, किंबहुना चार आणे जास्त. गेल्या साठ वर्षांत पन्नासहून अधिक वेळा हा तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला आहे. बोअर खोल खोल गेल्या तसं पाण्यात फ्लोराइड आलं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली पोरं आणि गुडघ्यातून वाकलेली म्हातारी माणसं इथं नवलाची नाहीत. पीक म्हणायचं ते एकच, भुईमूग, आणि तोही पावसाच्या मर्जीवर. या कोरड्या पट्ट्यात नक्षलवादीही रुजू पाहत होते. २००५ साली वेंकटम्मनहळ्ळीत शाळेत मुक्कामाला असलेल्या पोलिसांवर हल्ला झाला आणि कर्नाटकात पावगडचं नाव त्यासाठीही घेतलं जाऊ लागलं.

अशा तालुक्यात ऊन सोडून दुसरं काही मुबलक नव्हतं, आणि दहा वर्षांपूर्वी त्या उन्हालाच गिऱ्हाईक आलं. केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीत २०१५ साली ‘कर्नाटक सोलर पॉवर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी निघाली. तिनं तिरुमणी, वळ्ळूर, बालसमुद्र, रायचर्लू आणि क्यातगानचर्लू या पाच गावांतली जमीन गोळा केली, रस्ते आणि उपकेंद्रं बांधली आणि पॅनेल लावायला वेगवेगळ्या खासगी कंपन्यांना तुकडे पाडून दिले. मार्च २०१८ मध्ये उद्घाटन झालं, नाव ठेवलं ‘शक्तिस्थळ’. २०१९ च्या अखेरीस २,०५० मेगावॉट पूर्ण झाले तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होत होती.

पण पावगडची खरी नवलाई मेगावॉटात नाही. इथं जमीन विकत घेतलेली नाही, भाड्यानं घेतली आहे. करार २८ वर्षांचा, एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच. दोन हजारांवर शेतकरी या करारात आहेत. आपल्याकडे वीजप्रकल्पाच्या जमिनीची गोष्ट कशी असते ते आठवून पाहा. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचा ऐंशी ओलांडलेला शेतकरी मोबदल्यासाठी खेटे घालून थकला आणि २०१८ च्या जानेवारीत त्यानं मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांत तो गेला. त्याच वर्षी पावगडचे शेतकरी वर्षाचं भाडं बँकेत जमा झालं का, ते पाहायला पासबुक भरून घेत होते. फरक लहान नाही आणि तो मनापासून मान्य करायला हवा. भूसंपादनाची नोटीस नाही, पोलीस नाहीत, लाठी नाही.

तिरुमणीकडे जाणारा रस्ता गुळगुळीत आहे. गाव येण्याआधीच पॅनेल सुरू होतात. पहिल्यांदा दुरून पाहिलं तर तलाव वाटतो, आणि या तालुक्यात तलाव वाटावा हीच मोठी थट्टा. जवळ गेल्यावर कळतं की ही काळसर निळ्या काचेची रांगेमागून रांग, गुडघ्याच्या वरपासून डोक्याच्या उंचीपर्यंत तिरकी लावलेली. मध्ये जाळीचं कुंपण, वर काटेरी तार, ठरावीक अंतरावर कॅमेरा. आत चिटपाखरू नाही. इन्व्हर्टरच्या खोल्यांजवळून जाताना मात्र सारखी घूं ऐकू येते, मधमाश्यांचं पोळं जवळ असावं तशी. इथली वीज मोठ्या वाहिन्यांवरून वीजजाळ्यात जाते. आम्ही चहा घेत होतो तेव्हा टपरीतला पंखा बंद पडला. टपरीवाला वर बघून हसला आणि म्हणाला, वीज इथूनच निघते, पण तिलाही शहरच आवडतं.

मैत्रिणीचं कन्नड बेळगावी. इथल्या गावांत घरी तेलुगू, कचेरीत कन्नड. त्यामुळे तिचं निम्मं त्यांना कळायचं, त्यांचं निम्मं तिला, आणि मला जे मिळायचं ते पाव. तरी पैशांचे आकडे मात्र सगळ्या भाषांत चोख कळतात.

आठ एकरांचा एक मालक भेटला. साठीचा, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. त्यानं ओसरीवर बसवलं, रागी मुद्दे आणि चिंचेचं सारू खाऊ घातलं. आपल्या नाचणीच्या उंड्याचा हा मोठा भाऊ. चावायचा नाही, गिळायचा. वाढ धरून भाडं आता एकरी पंचवीस हजारांच्या घरात गेलंय. म्हणजे वर्षाला दोन लाख, पाऊस पडो न पडो. त्यातून सावकार फिटला, घरावर स्लॅब पडला, धाकटी मुलगी तुमकूरला शिकते. “भुईमुगात चार वर्षांत एकदा पैसा दिसायचा,” तो म्हणाला. मग त्यानं गोठा दाखवला. गोठ्यात गुरं नव्हती. कोपऱ्यात तिफण उभी होती, तिच्या चाड्यात कोंबडीनं अंडी घातली होती. पेरणीच्या दिवसांत काय करता, असं विचारलं तर त्यानं रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या पाराकडे बोट दाखवलं. तिथं त्याच्यासारखे सात-आठ जण पत्ते कुटत बसले होते. हेही पेन्शनरच, म्हटलं तर. पण ज्याच्याकडे आठ एकर आहेत त्याचीच ही पेन्शन, आणि दोन एकरवाल्याला या पैशात वर्ष निघत नाही.

जमीनच नसलेल्यांची गाठ कुंपणाला लागूनच पडली. चौघी बाया सावलीला बसून डबा खात होत्या. पॅनेलखालचं गवत कापायचं काम त्यांच्याकडे होतं. गवत वाढलं तर पॅनेलवर सावली पडते आणि उन्हाळ्यात वाळलं की आगीची भीती; म्हणून ते वर्षातून काही वेळा कापावं लागतं. काम ठेकेदारामार्फत, महिन्यातले थोडेच दिवस, आणि नंबर लागला तर. पुरुषांना राखणदारी किंवा पॅनेल धुणं. तीही कामं मोजकीच, आणि कोरड्या ब्रशची यंत्रं आल्यावर धुण्याची माणसंही कमी झाली. प्रकल्प उभा राहत होता तेव्हा खड्डे खणायला, खांब रोवायला हात कमी पडत होते. तो हंगाम सरला. सौर प्रकल्पाचं वैशिष्ट्यच हे की तो एकदा उभा राहिला की त्याला माणसं फारशी लागत नाहीत. गुंतवणूकदाराला तो गुण वाटतो, मजुराला वाटणार नाही.

त्या चौघींतली थोरली साधारण पन्नाशीची असावी. तिला मी अक्का म्हटलं, ती मला अम्मा म्हणत राहिली. पूर्वी काय काम मिळायचं, हे तिनं बोटांवर मोजून सांगितलं. पेरताना मोगणा धरणं, दोन खुरपण्या, भुईमूग उपटणं, शेंगा तोडणं. तोडणीची मजुरी मापावर, आणि वर घरी न्यायला ओंजळभर शेंगा. आणि सगळ्यात शेवटी सरवा. काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्यानं उकरून ज्याच्या त्यानं न्यायच्या, मालक काही बोलत नसे. त्यात घरचं वर्षाचं तेल निघायचं. पोरं शाळेतून आली की त्यांनाही सरव्याला लावायचं. बांधावरचं गवत शेळीला, काटक्या चुलीला. यातलं काहीही कुठल्या कागदावर नव्हतं. करार झाला तेव्हा अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, आणि ज्याचं नाव उताऱ्यावर त्याला भाडं मिळालं. सरव्याचा उतारा नसतो.

आता ती वर्षातले काही महिने बंगळुरूला बांधकामावर जाते. लेक आणि जावई तिथंच राहतात, पत्र्याच्या खोलीत. पावगडच्या उन्हावर चालणाऱ्या एखाद्या एअरकंडिशनरखाली तिनं सिमेंटची पाटी वाहिली असेल, असं मनात आलं. पण हे मी तिला बोलले नाही. तिला ते माहीत नव्हतं असं नाही, मला सांगायची गरज नव्हती.

उताऱ्याची गोम मजुरांपुरतीच नाही. सरकारी पड पिढ्यान्‌पिढ्या वहीत करणारे, पण पट्टा न मिळालेले लोक, ज्यांत दलित कुटुंबं बरीच, त्यांना भाडं नाही. बटाईनं करणाऱ्यांना नाही. वाटण्या न झालेल्या घरात थोरल्या भावाच्या नावावर पैसे येतात आणि धाकटा भांडतो. शेतात सगळ्यात जास्त राबणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर बहुधा नसतंच, त्यामुळे तिच्या खात्यात काही नाही. हवामानबदलाशी लढणाऱ्या प्रकल्पानं यातलं एकही दुखणं जन्माला घातलेलं नाही. ती जमिनीत आधीच मुरलेली होती. पण त्या उताऱ्यावर अठ्ठावीस वर्षांचा करार करून त्यानं ती पक्की केली.

वळ्ळूरच्या बाजूला एक कुरुब मेंढपाळ भेटला. कुरुब म्हणजे कानडी मुलखातले धनगर. काठी, खांद्यावर काळी कांबळ, सगळं आपल्याकडच्यासारखं. पूर्वी तो जिथून मेंढरं घेऊन सरळ नदीकडे उतरायचा, तिथं आता कुंपण. वळसा घालून जावं लागतं. चराई आटली म्हणून निम्मा कळप विकला. कुंपणाच्या आत गवत वाढतं आणि ते कापायला बायांना मजुरी द्यावी लागते, कुंपणाच्या बाहेर मेंढरं उपाशी. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत सौरशेतांत मुद्दाम मेंढ्या सोडतात, गवत फुकट कापलं जातं. इथं का नाही, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच गप्प झाले. आत शिरलेलं मेंढरू सोडवायला किती आर्जवं करावी लागतात, ते त्यानं मग सविस्तर सांगितलं.

रात्री पावगडच्या लॉजवर मी वहीत हिशेब मांडला. ढोबळ आहे, पण चुकीचा नसावा. २,०५० मेगावॉटला १३,००० एकर, म्हणजे एका मेगावॉटला सव्वासहा एकरांहून थोडं जास्त. एवढ्या चांगल्या उन्हात एक मेगावॉट वर्षाला सतराअठरा लाख युनिट सहज देतो. म्हणजे एकरी पावणेतीन लाख युनिटच्या आसपास. युनिटला तीन रुपये धरले तर आठ लाखांहून जास्त. त्यातले जमीनमालकाला पंचवीस हजार, म्हणजे शेकडा तीन. बाकीचं सगळं नफा नव्हे, हेही सांगायला पाहिजे. मेगावॉटमागे कोट्यवधींची गुंतवणूक आहे, बँकेचं व्याज आहे, आणि पावगडच्या विजेमुळे कोळशाचा धूर कमी होतो तो फायदा तर सगळ्यांचाच. पण दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ म्हणजे वर्षाला अडीच. महागाई एरवी याहून जोरात पळते. करार संपताना आकडा चाळीस हजारांच्या आतच असेल, आणि त्या चाळीस हजारांत आजच्या पंचवीस हजारांइतकं काही येणार नाही. शेतकऱ्याला आज जे भाडं आधार वाटतं ते त्याच्या नातवाला चणेफुटाणे वाटेल.

आणि भूमिहीनांना शेकडा शून्य. त्यांच्यासाठी जे झालं ते विकासनिधीतून: शाळेच्या खोल्या, रस्ते, शुद्ध पाण्याची यंत्रं. फ्लोराइडच्या गावात पाण्याचं यंत्र ही छोटी गोष्ट नव्हे, त्या पाण्याच्या रांगेत मी उभी राहिले आहे. पण ते मिळतं कंपनीच्या मर्जीनं. भाडं मिळतं हक्कानं. एकाच गावात एकाला हक्क आणि दुसऱ्याला मेहेरबानी, ही वाटणी पहिला खांब रोवण्याआधी, करार टाइप होताना झाली. तेव्हाच आणखी एक कलम घालता आलं असतं. वीजविक्रीतला अगदी अर्धा टक्का गावाच्या सामाईक खात्यात, आणि त्यावर पहिला हक्क मजुरी गेलेल्या घरांचा. पंधरा-वीस पैसेसुद्धा नव्हेत, युनिटमागे दीड पैसा. त्यानं कुणाचंही दिवाळं वाजलं नसतं.

२०१५ च्या पॅरिस करारात, अगदी प्रस्तावनेतच, हवामानबदलाला तोंड देताना कामगारांसाठी स्थित्यंतर न्याय्य असावं असं म्हटलं आहे. त्यावर आपल्याकडे बोललं जातं ते मुख्यतः कोळशाच्या संदर्भात. उद्या चंद्रपूरच्या खाणी आणि औष्णिक केंद्र मंदावलं तर तिथल्या कामगारांचं, ट्रकवाल्यांचं, खानावळींचं काय? प्रश्न खराच. पण खाणकामगाराकडे निदान हजेरीपट असतो, युनियन असते. पावगडच्या अक्काकडे काय आहे? नवी ऊर्जा येते तिथंही कामं जातात, आणि ती अशा माणसांची जातात ज्यांची कामगार म्हणून कुठं नोंदच नाही.

हे महाराष्ट्रानं आत्ताच वाचून ठेवायला हवं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. उद्देश उत्तम. रात्री दोनला मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला साप चावतो, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. म्हणजे एकरी पन्नास हजार, पावगडच्या दुप्पट. प्रकल्पही लहान, उपकेंद्राजवळ, वीज तिथल्या तिथं वापरली जाणारी. हे सगळं पावगडहून उजवं आहे. पण या योजनेसाठी सरकारी जमीन म्हणून गायरानं डोळ्यांसमोर येतात, आणि गायरान म्हणजे कुणा एकाच्या नावावर नसलेली आणि म्हणून ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्या सगळ्यात उपयोगाची जमीन. तिथं शेळ्या चरतात. तिथं पारधी, मातंग, बौद्ध कुटुंबांनी वर्षानुवर्षं वहिवाट केली आहे. इथं तर भाडं घ्यायलाही कुणाचा उतारा पुढे येणार नाही.

परतीच्या दिवशी आम्ही शेजारच्या एका गावात थांबलो. प्रकल्प वाढवायची बोलणी या बाजूला चालू होती, त्यामुळे हॉटेलात दुसरा विषय नव्हता. पुण्याची बाई आलीय म्हटल्यावर एका तरुणानं सरळ विचारलं, तुमच्याकडे एकरी किती देतात? मी सांगितलं. मैत्रिणीनं आकडा कन्नडमध्ये दोनदा सांगितला तरी कुणाचा विश्वास बसेना. मग त्यानं मोबाईलवर गुणाकार केला, शेजाऱ्याला दाखवला, आणि बैठकीला आपण काय मागायचं यावर वाद पेटला. कुणी म्हणे चाळीस हजार मागू, कुणी म्हणे घरटी एक कायम नोकरी. भाड्याची वाढ दरवर्षी हवी यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. भट्टीपाशी कपबश्या विसळणारा पोरगा हे ऐकत होता. त्यानं मध्येच काहीतरी विचारलं. मैत्रिणीनं सांगितलं, तो म्हणतोय, जमीन नसलेल्यांनी बैठकीला यायचं का? तरुणानं क्षणभर विचार करून म्हटलं, ये की, आणि लगेच एक म्हातारा त्याच्यावर खेकसला, की आधी आपलं ठरू दे. दोघांची जुंपली ती हिंदूपूरची बस आली तरी मिटली नव्हती.